घरातली डिजिटल सबस्क्रिप्शन्स आणि दर महिन्याला कटणारे पैसे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात किती सबस्क्रिप्शन्स चालू आहेत असं विचारलं की माणूस पटकन दोन-तीन नावं सांगतो. बँकेचं स्टेटमेंट समोर ठेवलं की यादी वाढत जाते. नातेवाईक, सोसायटीतले शेजारी, ज्येष्ठ नागरिक संघातली मंडळी यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. कंपन्या दर बदलत असतात, म्हणून जिथे रक्कम दिली आहे तिथे शक्यतो तो दर कधीचा हेही दिलं आहे.

आमच्याकडे नेमकं काय काय चालू आहे हेच कळत नाही. शोधायचं कुठे?

सगळं एका जागी दिसत नाही, ही खरी अडचण आहे. पैसे वेगवेगळ्या वाटांनी जातात आणि प्रत्येक वाट वेगळी तपासावी लागते.

पहिली वाट यूपीआय. गुगल पे, फोनपे, पेटीएम, भीम यांपैकी जे वापरत असाल त्यात प्रोफाइलमध्ये किंवा पेमेंट सेटिंग्जमध्ये ‘ऑटोपे’ असा भाग असतो. तिथे चालू, थांबवलेली आणि रद्द केलेली मँडेट्स, म्हणजे पैसे आपोआप कापायला दिलेल्या परवानग्या, दिसतात. दोन अॅप्स वापरत असाल तर दोन्ही उघडा. फोनपेवरून दिलेली परवानगी गुगल पेमध्ये शोधून ‘काहीच नाही’ असं समाधान मानणारे पुष्कळ आहेत.

दुसरी वाट कार्ड. बँकेच्या अॅपमध्ये किंवा नेटबँकिंगमध्ये ‘ई-मँडेट’ किंवा ‘स्टँडिंग इन्स्ट्रक्शन’ या नावाने यादी मिळते. काही बँका त्यासाठी ‘एसआय हब’ नावाच्या पोर्टलवर नेतात. घरात क्रेडिट आणि डेबिट अशी तीन-चार कार्डं असतील तर प्रत्येकाचं वेगळं बघायचं.

तिसरी वाट अॅप स्टोअर. अँड्रॉइडवर प्ले स्टोअर उघडून वर आपल्या फोटोवर टॅप करा, ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मध्ये जा. आयफोनवर सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर आपलं नाव असतं, त्याच्या आत ‘सबस्क्रिप्शन्स’. फोनमध्ये दोन जीमेल खाती असतील तर खातं बदलून दोन्हीकडे पाहा.

चौथी वाट मोबाइलचं बिल किंवा रिचार्जचा बॅलन्स. कॉलर ट्यून, गेम, राशिभविष्य असल्या सेवा इथे दडलेल्या असतात.

आणि शेवटी वर्षभराचं स्टेटमेंट. तीन महिन्यांचं पाहून भागत नाही, कारण वार्षिक वर्गणी त्यात येतच नाही. अँटिव्हायरस, डोमेन, क्लाउड स्टोरेज, मुलांचं अभ्यासाचं अॅप ही वर्षातून एकदाच कटतात आणि एकदम मोठी रक्कम घेऊन जातात.

पैसे कटण्याआधी बँकेचा मेसेज येतो, त्याचं काय करायचं?

तो वाचायचा. या सगळ्या विषयात सामान्य माणसाच्या हातात असलेलं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे हा मेसेज, आणि आपण तो ओटीपी आणि जाहिरातींच्या गर्दीत सरकवून टाकतो.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१९ मध्ये आवर्ती व्यवहारांसाठी ई-मँडेटचे नियम काढले. १ ऑक्टोबर २०२१ पासून ते प्रत्यक्षात काटेकोर लागू झाले. त्यानुसार पहिल्यांदा परवानगी देताना ओटीपी किंवा पिन लागतो. त्यानंतर दर वेळी पैसे कटण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने ग्राहकाला कळवायचं असतं: कोण घेणार, किती घेणार, कधी घेणार. त्याच सूचनेतून तो एक व्यवहार किंवा अख्खं मँडेट नाकारण्याची सोय देणं बँकेवर बंधनकारक आहे. या सुविधेसाठी बँक ग्राहकाकडून शुल्क घेऊ शकत नाही. एका वेळी १५,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम असेल तर दर वेळी ओटीपी लागतो. म्युच्युअल फंड, विम्याचा हप्ता आणि क्रेडिट कार्डाचं बिल यांच्यासाठी ही मर्यादा डिसेंबर २०२३ मध्ये १ लाख झाली.

म्हणजे महिन्यातून एकदा कंपनी तुम्हाला विचारते आहे, घेऊ का? उत्तर दिलं नाही तर ते ‘हो’ धरलं जातं. मेसेज आला की त्याच क्षणी घरात विचारा, गेल्या महिन्यात हे कोणी उघडलं होतं का? कोणी उघडलं नसेल तर २४ तास पुरेसे आहेत.

एक काळजी मात्र घ्या. असाच दिसणारा खोटा मेसेज पाठवून ‘रद्द करण्यासाठी इथे क्लिक करा’ असं सांगणारे भामटे आहेत. अनोळखी नंबरवरून आलेल्या मेसेजमधल्या लिंकवर न जाता बँकेचं अॅप स्वतः उघडून तिथून रद्द करा. फसवणूक झालीच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा.

प्लॅन १४९ रुपयांचा आहे, पण ऑटोपेच्या स्क्रीनवर ‘१५,००० रुपयांपर्यंत’ असं दिसलं. हे बरोबर आहे का?

बेकायदा नाही, पण नजर तिथे थांबायला हवी. ऑटोपेला मंजुरी देताना जो स्क्रीन येतो त्यावर कंपनीचं नाव, कमाल रक्कम, किती दिवसांनी कटणार आणि कधीपर्यंत चालणार या गोष्टी लिहिलेल्या असतात. आपण पाहतो फक्त खालचं बटण. कमाल रक्कम मोठी असली तर उद्या कंपनीने दर वाढवला तरी नवी परवानगी घ्यावी लागत नाही, तेवढ्यातच भागतं. यूट्यूब प्रीमियमचा फॅमिली प्लॅन ऑगस्ट २०२४ मध्ये १८९ वरून २९९ रुपये झाला, अशी वाढ मोठ्या मर्यादेच्या मँडेटमध्ये सहज बसते. रक्कम आणि मुदत बदलण्याची सोय स्क्रीनवर दिसत असेल तर ती वापरा. नसेल तर त्या वर्षापुरती रक्कम एकदाच भरण्याचा पर्याय आहे का बघा.

अॅप फोनमधून काढून टाकलं. आता पैसे कटणार नाहीत ना?

कटतील. अॅप काढणं आणि सबस्क्रिप्शन रद्द करणं यांचा काही संबंध नाही. आधी रद्द करा, रद्द झाल्याचा ईमेल येऊ द्या, मग अॅप काढा.

ऑटोपे मँडेट रद्द केलं की मेंबरशिपही संपली, असं समजायचं का?

ओटीटी, संगीत, स्टोरेज अशा सेवांमध्ये पैसे पोचले नाहीत की सेवा बंद पडते, एवढ्यावर विषय संपतो. तरीही कंपनीच्या खात्यात जाऊन ‘कॅन्सल’ करणं चांगलं, नाहीतर थकबाकीचे मेसेज आणि फोन येत राहतात.

पण जिथे करार आहे तिथे सावध राहा. मुलांच्या ऑनलाइन क्लासची फी ‘सोप्या हप्त्यांत’ घेतली असेल तर पुष्कळदा ते वर्गणीचे हप्ते नसतात, एखाद्या वित्तसंस्थेचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं. क्लास आवडला नाही म्हणून बँकेत जाऊन मँडेट थांबवलं तर कर्ज थकतं, दंड लागतो आणि सिबिल स्कोअर खाली येतो. अशा वेळी आधी क्लासकडे लेखी रद्द करण्याचा अर्ज, मग वित्तसंस्थेकडून कर्ज बंद झाल्याचं पत्र, आणि मगच मँडेट. घरी आलेला सेल्समन टॅबवर सही घेतो तेव्हा ‘हे कर्ज आहे का?’ हा एकच प्रश्न विचारा आणि उत्तर व्हॉट्सअॅपवर लिहून मागा.

फ्री ट्रायल घ्यावी की नाही?

घ्या, फक्त घेतल्या दिवशीच रद्द करा. प्ले स्टोअरवरून घेतलेल्या ट्रायल साधारणपणे रद्द केल्यावरही ठरलेल्या दिवसापर्यंत चालतात. अॅपलकडे ट्रायल संपण्याच्या किमान २४ तास आधी रद्द करावी लागते. काही सेवा रद्द करताच थांबतात, तेव्हा त्या स्क्रीनवरची ओळ वाचून मग बटण दाबा.

लांब मुदतीच्या मोफत योजना जास्त फसव्या ठरतात, कारण तारीख लक्षात राहत नाही. चॅटजीपीटी गो भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये महिना ३९९ रुपयांना आलं आणि नोव्हेंबरमध्ये ते वर्षभर मोफत देण्याची योजना सुरू झाली. घेताना कार्ड किंवा यूपीआय जोडायला लागत होतं. ज्यांनी जोडलं त्यांनी मोफत वर्ष संपण्याच्या आठवडाभर आधीची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये घालून ठेवावी. कालनिर्णयच्या त्या पानावर पेनाने लिहिलं तर आणखी चांगलं, कारण ते घरातल्या सगळ्यांना दिसतं.

मासिक घ्यावं की वार्षिक?

हिशेब करा, पण वापराचा. अॅमेझॉन प्राइम २०२३ पासून महिन्याला २९९ आणि वर्षाला १,४९९ रुपये आहे. पाच महिन्यांचे १,४९५ होतात, म्हणजे वर्षात सहा महिने किंवा जास्त वापर असेल तर वार्षिक स्वस्त. फक्त गणपती-दिवाळीच्या खरेदीसाठी हवं असेल तर दोन महिने घ्या आणि सोडा.

उलट बाजूही आहे. ध्यान, व्यायाम, डाएट, भाषा शिकण्याची अॅप्स वार्षिक प्लॅनवर घसघशीत सूट दाखवतात. उत्साहाच्या भरात वर्षाचे पैसे जातात आणि पुढे अॅप उघडलं जात नाही. अशा गोष्टी आधी महिनाभर मासिक दराने वापरून पाहाव्यात असं माझं ठाम मत आहे, जरी तो महिना महाग पडला तरी.

ओटीटीवर सगळ्यात जास्त खर्च होतो. कमी कसा करायचा?

दोन उपाय आहेत, आणि दोन्हींत कुणाचं काही बघायचं राहत नाही.

पहिला, प्लॅन घरच्या टीव्हीला साजेसा घ्या. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतातले दर उतरवले तेव्हा मोबाइल १४९, बेसिक १९९, स्टँडर्ड ४९९ आणि प्रीमियम ६४९ रुपये असे चार प्लॅन ठरले. प्रीमियमचे जादा १५० रुपये मुख्यतः फोर-के चित्रासाठी आणि चार जणांनी एकाच वेळी पाहण्यासाठी आहेत. घरात फोर-के टीव्ही नसेल आणि बघणारे दोघंच असतील तर वर्षाला १,८०० रुपये कशाचे जातात? आजी-आजोबांकडे एकच टीव्ही असेल तर बेसिकवरही छान भागतं.

दुसरा, आळीपाळीने घ्या. सगळी प्लॅटफॉर्म्स बाराही महिने चालू ठेवायची गरज नसते. या महिन्यात एक, ते बघून संपलं की बंद, पुढच्या महिन्यात दुसरं. खातं, पाहिलेल्या मालिकांची नोंद, प्रोफाइल हे सगळं साधारणपणे काही काळ तसंच राहतं, परत आलात की तिथूनच पुढे सुरू. क्रिकेटसाठी घेतलेलं सबस्क्रिप्शन स्पर्धा संपल्यावर चालू ठेवण्याचं कारण नाही.

मोफत काय मिळतं तेही पाहून घ्या. डीडी फ्री डिशला सेट-टॉप बॉक्स आणि डिश एकदा बसवली की मासिक वर्गणी नाही, आणि सह्याद्री वाहिनी त्यावर आहे. प्रसार भारतीचं ‘वेव्ह्ज’ हे ओटीटी नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात इफ्फी चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनात सुरू झालं.

भावाच्या घरच्या पासवर्डवर चालत होतं, आता चालत नाही. काय बदललं?

नेटफ्लिक्सने जुलै २०२३ पासून भारतात खातं एका घरापुरतं केलं. दोन घरांत वाटून घेण्याऐवजी फॅमिली प्लॅनचा नियमात बसणारा उपयोग करा. यूट्यूब प्रीमियमच्या फॅमिली प्लॅनमध्ये खातेधारक आणि एकाच घरातले आणखी पाच जण बसतात. ऑगस्ट २०२४ च्या दराने एकट्याचा प्लॅन १४९ आणि फॅमिलीचा २९९, म्हणजे तिसरा माणूस आला की फायदा सुरू. एकाच घरात तिघं वेगवेगळे १४९ भरताना दिसतात, कारण एकमेकांना विचारलेलंच नसतं.

मग घरात हे सगळं बघायचं कोणी?

एकाने. भरायचं कोणीही, पण यादी एकाकडे. नवीन काही घेण्याआधी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक ओळ टाकायची: काय घेतोय, किती, कोणत्या कार्डावर, कधी संपतंय. यादीत प्रत्येक नावापुढे ‘कोणासाठी’ हा रकाना ठेवा. ज्याच्यापुढे कोणाचंच नाव लिहिता येत नाही ते आधी बंद करा. सगळ्या वर्गण्या एकाच कार्डावर किंवा एकाच यूपीआय आयडीवर आणल्या तर अर्धं काम तिथेच होतं.

रिचार्जबरोबर ओटीटी मिळतं असं म्हणतात. ते कसं पाहायचं?

जिओ, एअरटेल, व्हीआय यांच्या काही रिचार्जमध्ये आणि ब्रॉडबँडच्या बऱ्याच प्लॅनमध्ये ओटीटी असतं. पण ते आपोआप सुरू होत नाही, कंपनीच्या अॅपमधून ‘क्लेम’ करावं लागतं. नवीन सबस्क्रिप्शन घेण्याआधी आपला प्लॅन उघडून वाचा. त्याच सेवेचे पैसे दोनदा जाणारी घरं कमी नाहीत. उलट ओटीटीसाठी म्हणून महागडं रिचार्ज करत असाल आणि बघत कोणी नसेल तर खालच्या प्लॅनवर या.

आईच्या फोनचा बॅलन्स आपोआप कमी होतो. तिने काही घेतलेलं नाही.

एखादी मूल्यवर्धित सेवा (कॉलर ट्यून, राशिभविष्य अशी) चुकून सुरू झाली असण्याची शक्यता आहे. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमाप्रमाणे अशी सेवा सुरू करण्यासाठी ग्राहकाची दोनदा संमती लागते, पण स्क्रीनवर उमटणाऱ्या चौकटीत वयस्कर माणसाचं बोट लागून ‘ओके’ होऊन जातं. आईच्याच फोनवरून १५५२२३ हा टोल-फ्री नंबर लावा. सगळ्या मोबाइल कंपन्यांसाठी हाच नंबर आहे. कोणत्या सेवा चालू आहेत ते विचारा आणि बंद करायला सांगा.

आणखी एक. आई इंटरनेट वापरतच नसेल तर डेटाचे पैसे कशाला? डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने फक्त बोलण्याचे आणि एसएमएसचे वेगळे पॅक देणं कंपन्यांना बंधनकारक केलं. हे पॅक अॅपमध्ये पहिल्या पानावर नसतात, खाली शोधावे लागतात.

‘स्टोरेज भरलं’ असा मेसेज सारखा येतो. पैसे भरावेत का?

आधी सफाई. गुगल १५ जीबी मोफत देतं आणि जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळं त्यातच मोजलं जातं. व्हॉट्सअॅपचा बॅकअपही अँड्रॉइडवर त्यातच जातो. गुड मॉर्निंगचे व्हिडिओ काढले तरी कित्येक जीबी मोकळे होतात. तरीही लागलंच तर एक प्लॅन घेऊन तो कुटुंबातल्या आणखी पाच जणांबरोबर वाटता येतो, प्रत्येकाने वेगळा घ्यायची गरज नाही. अॅपलच्या आयक्लाउडवर मोफत जागा ५ जीबीच आहे, पण घेतलेली जागा तिथेही पाच जणांना देता येते. पैसे भरणं थांबवण्याआधी फोटो उतरवून घ्या. गुगलवर मर्यादेपेक्षा जास्त साठा दोन वर्षं तसाच राहिला तर मजकूर पुसला जाऊ शकतो.

मराठी ई-पेपर, ऑडिओबुक, नाटकांचं सबस्क्रिप्शनही बंद करावं का?

वापर असेल तर मुळीच नाही. काटकसरीची कात्री लागते तेव्हा मराठी गोष्टी आधी जातात, कारण त्या छोट्या कंपन्यांच्या असतात आणि त्यांची जाहिरात कानावर आदळत नाही. मराठी ऑडिओबुक ऐकणारे पैसे देतात म्हणून नवी पुस्तकं ध्वनिमुद्रित होतात, वाचक वर्गणी भरतात म्हणून संपादकीय माणसं टिकतात. न पाहिलेल्या हिंदी-इंग्रजी मालिकांवरचे पैसे वाचवा आणि त्यातले थोडे इथे राहू द्या. ज्यांना तेवढंही जमत नाही त्यांच्यासाठी ई साहित्य प्रतिष्ठानची मोफत मराठी ई-पुस्तकं आणि मराठी विश्वकोशाचं संकेतस्थळ आहे.

मुलगी अमेरिकेत आहे, तिच्या खात्यावर आम्ही पाहतो. चालेल का?

प्रत्येक सेवेचे नियम वेगळे. गुगलच्या फॅमिली ग्रुपमध्ये सगळे एकाच देशातले असावे लागतात, त्यामुळे तिथे जमणार नाही. दुसरी गोष्ट तिला सांगून ठेवा: तिच्या अमेरिकन कार्डाला रिझर्व्ह बँकेचा २४ तास आधी कळवण्याचा नियम लागू नाही. सबस्क्रिप्शन सोप्या पद्धतीने रद्द करता यावं यासाठी तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने केलेला नियम जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने रद्द केला. आई-बाबांसाठी भारतात, भारतीय दराने, त्यांच्याच नावावर घेतलेलं पुष्कळदा स्वस्त आणि सोयीचं पडतं.

बाबा गेले. त्यांच्या खात्यातून अजून वर्गण्या जात आहेत. कुठून सुरुवात करू?

सिम कार्ड बंद करू नका. घाईत घरचे लोक आधी तेच करतात आणि मग सगळंच अडतं. ओटीपी, बँकेचे मेसेज, ईमेलचा पासवर्ड सगळं त्या नंबरवर असतं, आणि बंद झालेला नंबर पुढे दुसऱ्या माणसाला दिला जातो. बँकेला मृत्यूचा दाखला देऊन कळवलं की खात्यावरची मँडेट्स थांबतात. क्रेडिट कार्डाच्या बँकेला वेगळं कळवा. मग कंपन्यांना दाखल्याची प्रत जोडून ईमेल करा, बऱ्याच कंपन्या कागद पाहून खातं बंद करतात. पुढच्या वार्षिक वर्गणीचे पैसे अलीकडेच गेले असतील तर त्याच ईमेलमध्ये परतावा मागा, संकोच करू नका. फोनमधले फोटो आणि आवाज उतरवून झाल्यावरच स्टोरेज बंद करा.

आपल्या पश्चात हे कुणावर येऊ नये असं वाटत असेल तर गुगलमध्ये ‘इनअॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आणि आयफोनमध्ये ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ या, आपल्यानंतर खातं कोणाच्या हाती जावं ते ठरवण्याच्या सोयी आजच भरून ठेवता येतात.

रद्द करण्याचं बटणच सापडत नाही. कस्टमर केअर टाळाटाळ करतं. तक्रार कुठे?

घेणं एका टॅपमध्ये आणि सोडणं दहा पानांनंतर, याला सरकारने नाव देऊन बंदी घातली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी १३ ‘डार्क पॅटर्न’ची, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या मांडणीच्या प्रकारांची, यादी अधिसूचित केली. त्यात ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ स्पष्ट आहे: रद्द करणं अशक्य किंवा किचकट करणं, त्याचं बटण लपवणं, मोफत सेवेसाठी ऑटोपेची सक्ती करणं. ‘नको, मला बचत नको आहे’ असं बटण दाबायला लावून लाजवणं, न विचारता कार्टमध्ये मेंबरशिप टाकणं हेही त्याच यादीत आहे.

आधी स्क्रीनशॉट काढा, तारीख दिसेल असा. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. प्ले स्टोअरवरून नुकतंच घेतलं असेल तर ४८ तासांच्या आत गुगलकडेच परतावा मागा. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीत बोलता येतं. २४ तास आधीची सूचना न देता पैसे कटले किंवा रद्द केलेल्या मँडेटवर कटले तर ती बँकेचीही जबाबदारी आहे. बँकेकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, त्याला शुल्क नाही.

रक्कम मोठी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. भरलेली किंमत ५ लाखांपर्यंत असली तर तिथेही शुल्क लागत नाही, ‘ई-जागृती’ पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येतं, वकील सक्तीचा नाही. अर्ज कसा लिहायचा यासाठी मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था मार्गदर्शन करतात. जाताना चार गोष्टी बरोबर असू द्या: पैसे कटल्याचं स्टेटमेंट, रद्द करण्याच्या प्रयत्नाचे स्क्रीनशॉट, कंपनीला केलेला ईमेल आणि १९१५ चा तक्रार क्रमांक.